साग्बोच्या मापाचं कापड

शनिवारी दुपारी दोनच्या सुमाराला मी झिन्सूदादाला घेऊन तीन बदाम मोहल्ल्यात गेलो. माझ्या खांद्याला कापडी पिशवी होती आणि पिशवीत, जुन्या टॉवेलात गुंडाळलेला, साग्बोदादा होता.

वीतभर उंचीचा, फिकट लाकडाचा, हात अंगालगत, डोळे उघडे. मोठ्या आत्यानं तो कोरून घेतला होता. नाक काही साग्बोदादासारखं आलं नव्हतं, पण नाक जमावं लागतं असंही नाही.

झिन्सू आणि साग्बो हे माझे थोरले भाऊ, जुळे. जुळ्यांची नावं आमच्यात ठरलेली असतात आणि जुळ्यांच्या पाठीवर जो येतो त्याचंही नाव ठरलेलं असतं. तो दोसू. तो मी. आईवडिलांना माझ्यासाठी काही शोधावं लागलं नाही.

जुळ्यांतला एक गेला तर तो मेला असं आमच्यात म्हणत नाहीत. तो लाकडं आणायला रानात गेलाय, असं म्हणतात. त्याच्यासाठी रडत नाहीत. रडणं ऐकलं की मागे राहिलेल्यालाही रानाची वाट आठवते. मग लाकडाचा एक कोरून घेतात, तो मागे राहिलेल्यानं कमरेला खोचायचा, आपण जेवताना त्याला भरवायचं, आपल्याला कापड घेतलं की त्याच कापडातलं त्यालाही घ्यायचं. म्हणजे गेलेला रानात सुखानं राहतो आणि हाका मारत नाही.

साग्बोदादाला रानात जाऊन तीन आठवडे झाले होते. झिन्सूदादानं त्या लाकडाला एकदाही हात लावला नव्हता. बोललाही नव्हता. सकाळी मक्याची पातळ पेज, दोन घोट. रात्री तीच, तीही उरायची. कमरपट्ट्याला त्यानं खिळ्यानं दोन नवी भोकं पाडली होती.

त्या दिवशी निघताना आत्या दारात बसून होती. तिला चौऱ्याऐंशीवं चालू आहे आणि ती कुणाची भीड ठेवत नाही.

"दोसू," ती म्हणाली, "आज त्यानं त्याला कमरेला घेतलं नाही ना, तर सुताराला अजून एक कोरायला सांगावा लागेल. मग दोघांना तूच भरव."

मी बरं म्हटलं. तिचं बोलणं मला समजलं होतं, पण आत कुठं पोचलं नव्हतं. पाय बधिर झाला की त्यावर कुणी चापट मारली तर आवाज ऐकू येतो, तसं काहीसं. तीन आठवडे मी सगळी कामं करत होतो. निरोप पाठवले, पाहुण्यांना खुर्च्या आणल्या, खुर्च्या परत केल्या. आता दादाला कापड घ्यायला, खायला आणि बॅण्ड ऐकायला न्यायचं होतं. हेही एक काम.

तीन बदामला आता दोनच बदाम आहेत. तिसरा वादळात पडला तेव्हा मी शाळेत मास्तर म्हणून नवीन होतो. पण नाव कुणी बदललं नाही. कोटोनू शहरात कुठल्याही भाड्याच्या मोटारसायकलवाल्याला सांगा, तो बरोबर नेऊन सोडतो. आमचे दोघे पिवळ्या सदऱ्यांचे मोटारसायकलवाले मागेपुढे चालले होते. उत्तरेकडची कोरडी धूळ सुटली होती. रस्त्याकडेला पेट्रोलचे काचेचे मोठे बुधले उन्हात उभे होते, आणि त्यांच्यामागे एक बाई शांतपणे वेणी घालून घेत होती.

मोहल्ला होता तसाच होता. न्हाव्याचं दुकान जुन्या बसमध्ये. गिऱ्हाईक ड्रायव्हरच्या जागेवर बसतं आणि दाढी होईपर्यंत चाक धरून ठेवतं. शेजारी 'देवाची वेळ हीच खरी वेळ' नावाचा घड्याळजी, ज्याचं एकही घड्याळ दुसऱ्याशी जुळत नाही. पुढे रेडिओवाला, छताला तीसेक रेडिओ टांगलेले आणि सगळे चालू, सगळे वेगळं बोलणारे. लहानपणी माझे विद्यार्थी त्याला विचारायचे, तुम्हाला ऐकू काय येतं? तो म्हणायचा, काहीच नाही, म्हणून तर बरं चाललंय.

मोठ्या बदामाखाली बॅण्डच्या खुर्च्या मांडणं सुरू होतं. चाळीस वर्षं दर शनिवारी चार वाजता माझे भाऊ तिथं ट्रम्पेट वाजवत. झिन्सूदादा खालच्या सुरात विचारायचा, साग्बोदादा वरच्या सुरात उत्तर द्यायचा. माणसं म्हणायची, घरी ही दोघं बोलतच नसतील, इथंच सगळं बोलून घेतात.

गिटारवाला कुआगु तारा लावत होता. हा उत्तरेच्या डोंगराकडचा, दोन वर्षांपूर्वी शहरात आलेला, नम्र माणूस. त्यानं लांबून हात केला.

"मास्तर! कागद आहे बरं का माझ्याकडे! नीट ठेवलाय!"

मी मान हलवली. कुठला कागद ते मला क्षणभर कळेना. मग आठवलं. मंगळवारी तो घरी आला होता, टोपी हातात धरून. 'मास्तर, शनिवारी वाजवायच्या आधी साग्बोदादांसाठी दोन शब्द बोलायला हवेत. माझं फ्रेंच कच्चं. तुम्ही लिहून द्या, मी वाचीन.' मी वहीचं पान फाडलं होतं आणि काहीतरी लिहून दिलं होतं. काय लिहिलं ते आठवत नव्हतं. छत्तीस वर्षं लोकांना अर्ज, निमंत्रणं, सोयरिकीची पत्रं लिहून दिली; हात आपोआप चालतो.

झिन्सूदादा खुर्च्यांकडे न बघता पुढे गेला.

आयाबाच्या कापडाच्या दुकानात ती स्वतः ताग्यांच्या ढिगावर राणीसारखी बसते, दातात चघळायची काडी. दाराशी एक म्हातारा शिंपी मशीन घेऊन असतो.

"अगबाई, मास्तर! छडी आणली नाहीत ना? माझ्या चारही पोरांचे कान तुम्ही लांब करून ठेवलेत."

"चारही शिकले ना?"

"शिकले! आता मला हिशेब शिकवतात. जळ्ळं ते शिक्षण." मग तिनं दादाकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "या झिन्सू. बसा. तो कसा आहे? रानातून काही निरोप?"

दादा बसला नाही.

तीन बाजूंना छतापर्यंत कापड. आमच्याकडे प्रत्येक नक्षीला नाव असतं आणि बायका रंगाआधी नाव विचारतात. एक 'सवतीची जीभ' आहे, एक 'पगार झाला'. दादा हळूहळू भिंतीलगत चालत गेला आणि एका ताग्यावर त्यानं तळहात ठेवला.

पिवळ्यावर काळे पिंजरे, दारं उघडी, प्रत्येक पिंजऱ्यातून दोन पक्षी उडालेले, एकामागे एक. त्याचं नाव शहरात सगळ्यांना ठाऊक आहे. 'तू निघालास की मीही निघाले.' उनाड नवऱ्यांना धाक घालायला बायका ते नेसतात.

शिंप्याचं मशीन थांबलं. आयाबानं माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. मला वाटलं, आता घाबरायला हवं. मी वाट पाहिली. काही आलं नाही. फक्त दादाच्या हाताची नखं वाढलीत हे दिसलं.

आयाबा ढिगावरून उतरली. तिच्या वयाची आणि वजनाची बाई सहसा उतरत नाही. तिनं दुसऱ्या एका ताग्याचं टोक ओढून त्या पक्ष्यांवर सोडलं, दादाच्या हातावरूनच.

"ते बायकांचं आहे, झिन्सू. ते नेसून बसलात तर पोरं हसतील. हे बघा. निळं, त्यावर शिंपल्या. याला अजून नाव पडलं नाही, कालच आलंय. तुम्हीच ठेवा एखादं."

दादानं हात काढून घेतला. नको म्हणाला नाही.

"हेच द्या," मी म्हटलं.

शिंप्यानं दादाचं माप घेतलं. दादा हात पसरून उभा राहिला, पसरायला सांगितलं म्हणून. मग आयाबा माझ्या पिशवीकडे बोट करून म्हणाली, "दुसऱ्याला काढा की बाहेर. गुदमरला असेल."

मी टॉवेल सोडला. तिनं त्याला दोन्ही हातांत घेतलं, बाळंतिणीच्या खोलीत मूल घेतात तसं, मानेखाली बोट देऊन.

"ये रे साग्बो. अगंबाई, किती बारीक झालास! रानात जेवायला घालत नाहीत का? आणि हे नाक कुणाचं आणलंस?"

दुकानातल्या दोन गिऱ्हाइकणी हसल्या. एक म्हणाली, "नाक बरंय. आधीच्यापेक्षा बरंच."

"ए, आधीच्याला काय झालं होतं? त्या नाकानं ट्रम्पेट वाजवायचा तो."

"नाकानं?"

"मग काय! फुंकायचा तोंडानं, मिरवायचा नाकानं."

शिंप्यानं बोटानं साग्बोचं माप घेतलं. गळ्यापासून पायापर्यंत एक बोट आणि दोन पेरं. आयाबानं एकाच ताग्यातून, एकाच कात्रीनं, मध्ये कात्री खाली न ठेवता दोन तुकडे कापले. असंच कापायचं असतं. एक मोठा, एक रुमालाएवढा. शिंपी म्हणाला, तासाभरात दोन्ही देतो, लहान आधी.

या सगळ्या वेळात झिन्सूदादा दारातून रस्त्याकडे बघत उभा होता. आयाबानं बाहुली त्याच्यासमोर धरली. तो बाजूला सरला, जाणाऱ्याला वाट द्यावी तसा. तिनं ती मला परत दिली. मी पुन्हा टॉवेल गुंडाळला.

सेनामीची खाणावळ मोठ्या बदामाच्या सावलीत आहे. पत्र्याचं छप्पर, चार बाकं, तीन चुली. सेनामी माझी विद्यार्थिनी. पहिलीत तिला सात येत नव्हता. सहानंतर ती थेट आठ म्हणायची. मी तिला सात दिवस सात चिंचोके मोजायला लावले होते. आता शंभर माणसांना जेवू घालते आणि कुणाचं ताट चुकत नाही.

टोमॅटोच्या रश्शात शिजवलेल्या मक्याच्या लाल गोळ्याचा वास येत होता, तळलेल्या मासळीचा येत होता. पण साग्बोदादा झिन्सूदादा इथं आले की चवळीच खायचे, लाल पाम तेलातली, वर कच्च्या मिरची-टोमॅटोचा ठेचा. चवळी हे जुळ्यांचं अन्न. बाकावर बसत मी हाक दिली.

"सेनामी, चवळी. दोन ताटं."

तिचा डाव हवेत राहिला.

"किती, मास्तर?"

"दोन."

ती जवळ आली. वाकून, हळूच, मुलाला चूक दाखवावी तशी म्हणाली, "मास्तर, पुन्हा मोजा."

मी मोजलं. मग माझे कान गरम झाले. एवढं मात्र झालं.

"तीन," मी म्हटलं.

ही चूक माझ्याकडून व्हायला नको होती. एका वर्षी माझ्या वर्गात झिन्सी नावाची मुलगी होती, तिची जुळी बहीण पावसाळ्यात लाकडं आणायला गेलेली. झिन्सी कमरेला बाहुली खोचून शाळेत यायची. हजेरी घेताना मी दोघींची नावं पुकारायचो. ती दोनदा 'हजर' म्हणायची, दुसऱ्यांदा जरा बारीक आवाजात. वर्गातलं एक पोर हसलं, तेव्हा मी ओरडलो नाही. मी त्याला विचारलं, तुझी आई आत्ता इथं दिसते का? नाही. म्हणजे ती नाही का? तो बराच वेळ विचार करत बसला. वर्षअखेरीला तोच दोघींसाठी पेन्सिली करून द्यायचा. हे सगळं मी शिकवलेलं आहे, आणि मीच दोन म्हणालो.

सेनामीनं तीन ठेवली. दोन ताटं आणि एक बशी. बशीत सात चवळ्या.

"सात," ती मला म्हणाली, मी हसावं म्हणून. मी हसलो.

पिशवीतून साग्बोला काढून मी बशीजवळ, मिठाच्या डब्याला टेकवून ठेवलं. झिन्सूदादानं ताटाकडे पाहिलं. मग बशीकडे. मग हात मांडीवर ठेवले. तेल गार होऊन कडेनं घट्ट व्हायला लागलं.

"दादा, एक घास."

काही नाही.

"घरी आत्या विचारेल."

मी माझं ताट संपवलं. चव लागली नाही, पण ताट संपवायचं अशी मुलांना सवय लावलेली, तीच मलाही आहे. तेवढ्यात शिंप्याकडून सेनामीची मावशी कपडे घेऊन आली. मोठा सदरा दादाच्या शेजारी बाकावर ठेवला. लहान मी साग्बोला घातला. बाह्या लांब झाल्या होत्या. मी त्या दोनदा दुमडल्या. माझी बोटं व्यवस्थित चालत होती.

चार वाजले. घड्याळजीच्या दुकानातली घड्याळं पाऊण तास वाजत राहतात, म्हणून इथं चार वाजले हे ढोलाच्या पहिल्या थापेवर ठरतं. माणसं जमली, बाकावर, मोटारसायकलींवर, बसच्या टपावर. बॅण्डमध्ये आठ जण आणि दहा खुर्च्या. दोन रिकाम्या शेजारी-शेजारी. एकीवर झिन्सूदादाचं ट्रम्पेट ठेवलेलं, एकीवर काही नाही.

कुआगु पुढे आला. खिशातून घडी केलेला कागद काढला. वहीचं पान, आखीव. मी ते लांबून ओळखलं आणि त्याच क्षणी त्यावर काय आहे तेही मला आठवलं. उठायला हवं होतं. मी उठलो नाही.

त्यानं घसा साफ केला आणि एकेक शब्द नीट उच्चारत वाचलं:

"साग्बो माझा भाऊ होता. साग्बो मेला. तो आता परत येणार नाही. आपण त्याच्यासाठी एक मिनिट उभे राहू."

पहिलीच्या पुस्तकातल्यासारखी वाक्यं. लहान, सोपी, एका वाक्यात एक गोष्ट. मी मुलांना तशीच लिहायला शिकवतो.

कुणीही उभं राहिलं नाही. ढोलवाल्यानं दोन्ही हात ढोलावर दाबून धरले, जणू तोच काही बोलून बसेल. बसच्या टपावरून कुणीतरी "हे देवा" म्हणालं. रेडिओवाल्याचे रेडिओ तेवढे बोलत राहिले.

सेनामी डाव घेऊन धावली. "अरे ए! काय वाचलंस? कुणी मेलं म्हणालास? जुळ्याला? त्याच्या भावासमोर?"

आयाबा दुकानाच्या पायरीवरून ओरडली, "डोंगरावरच्या! जीभ धू! मिठानं धू!"

कुआगुचा चेहरा राखेसारखा झाला. तो कागदाकडे बघायचा, लोकांकडे बघायचा. "पण... पण मास्तरांनीच..." आणि मग त्यानं कागदाची घडी घातली. मला सांभाळून घ्यावं म्हणून तो माणूस शिव्या खाणार होता.

तेव्हा मी उठलो.

"त्याला काही बोलू नका," मी म्हटलं. "अक्षर माझं आहे. मी लिहिलंय."

शाळेत छत्तीस वर्षं मी कधी चुकलो तर फळ्यापाशी उभा राहून मुलांना सांगायचो, ही चूक माझी. त्याची मला सवय आहे. पण इथं फळा नव्हता आणि हात कुठं ठेवावेत कळेना. सगळा मोहल्ला माझ्याकडे बघत होता. त्यांतल्या निम्म्यांना मी अक्षरं शिकवली होती.

मग सगळ्यांचे डोळे माझ्यावरून सरकून खाली गेले. झिन्सूदादा उभा राहत होता. टेबलाला धरून, पायांची खात्री करून घेत. त्याचा आवाज तीन आठवडे वापरला नव्हता, तो गंजलेल्या बिजागरीसारखा निघाला.

"साग्बो लाकडं आणायला गेलाय," तो सगळ्यांना म्हणाला. "काय बघताय? ढोल वाजवा."

लोकांनी एकदम श्वास सोडला. आयाबा म्हणाली, "हां! ऐकलं ना? लाकडं आणायला!" आणि ढोलवाल्यानं, काय वाजवावं ते न सुचून, नुसताच ठेका धरला.

दादा माझ्याकडे वळला. आता तो एवढ्या हळू बोलत होता की सेनामीलाही ऐकू जाऊ नये.

"तू लिहिलंस?"

"हो."

"मास्तर असून?"

"हो, दादा. हात चालला. माफ कर."

तो थोडा वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिला. तीन आठवड्यांत त्यानं कुणाकडे असं बघितलं नव्हतं.

"तीन आठवडे," तो म्हणाला, "जो येतो तो लाकडं लाकडं करतोय. आत्या लाकडं. शेजारी लाकडं. तूही लाकडं. मी त्याचे डोळे मिटले, दोसू. या हातानं. मला वाटलं, मलाच तेवढं दिसलं. मलाच वेड लागलंय."

"नाही."

"माहितेय तुला."

"माहितेय."

"हं," तो म्हणाला. मग म्हणाला, "नाक चुकलंय त्याचं."

तो खाली बसला. त्यानं मिठाच्या डब्याला टेकलेल्या साग्बोला उचललं, उलटसुलट करून पाहिलं, त्याच्या सदऱ्याची मी दुमडलेली एक बाही सुटली होती ती पुन्हा दुमडली. मग आपला नवा सदरा अंगात घातला, जुन्यावरूनच, आणि साग्बोला पट्ट्यात खोचलं. पट्टा सैल होता. साग्बो घसरायला लागला. दादानं पट्टा एक भोक आत ओढला आणि तो नीट बसला.

सेनामी गार ताट उचलून नेऊ लागली.

"राहू दे," दादा म्हणाला. "बदलू नकोस. ताट आणि बशी, दोन्ही सारखीच गार आहेत ना?"

"सारखीच."

त्यानं बशीतली एक चवळी घेऊन साग्बोच्या ओठांना लावली. मग एक स्वतःच्या तोंडात टाकली. बराच वेळ चावत राहिला. दुसरी. तिसरी. सात संपल्यावर त्यानं आपलं ताट जवळ ओढलं.

बॅण्डनं त्यांचं जुनं नाचाचं गाणं घेतलं. दोन्ही ट्रम्पेटांच्या जागा मोकळ्या होत्या, म्हणून ते भिंत नसलेल्या घरासारखं वाजत होतं. पण गाणं चालत राहिलं. दादाच्या जागी आलं की दादा तोंडात घास असतानाच, नाकातून, आपला सूर गुणगुणायचा. साग्बोदादाच्या उत्तराच्या जागी गप्प राहायचा आणि चावायचा. मग पुन्हा आपली जागा. सेनामी चुलीपाशी पाठ करून उभी होती. कुआगु गिटारवरून मान वर करत नव्हता. मी त्या मोकळ्या जागेत लक्ष देऊन ऐकलं. तिथं तेलात मासळी पडल्याचा आवाज होता.

दोन माणसं नाचायला उठली. मग चार. कुणी दोघांना द्यायला शेंगदाण्याच्या कुरकुरीत कांड्यांच्या दोन पुड्या आणून ठेवल्या, एक मोठी, एक लहान. दादा मान हलवून घेत होता.

ऊन कलल्यावर निघालो. निघायच्या आधी मी कुआगुला गाठून माफी मागितली. तो म्हणाला, "मास्तर, आमच्या डोंगरात मेलेल्याला मेलाच म्हणतात. मला वाटलं तुमच्यातही तसंच असेल." मी त्याला म्हटलं, पुढच्या शनिवारी ये, तुला सगळं पहिल्यापासून सांगतो. तो कागद त्यानं परत दिला. मी तो पिशवीत टाकला. पिशवीत आता टॉवेल आणि कागद, एवढंच होतं, तरी मी ती खालून हात लावून धरली होती, आत अजून कुणी असल्यासारखी.

आयाबा दुकान आवरत होती. दादा पुढे चालत होता तो पायरीपाशी थांबला.

"आयाबा, तो निळा तागा उचलला नाही ना?"

"नाही. नाव सुचलं का?"

"नाव नाही. आणखी एक तुकडा काप."

"कुणाच्या मापाचा?"

दादानं माझ्याकडे अंगठा केला. "याच्या. तिघं होतो आम्ही."

"मला काय करायचंय, दादा," मी म्हटलं. "जुळ्यांचं कापड. मी कुठं जुळा आहे?"

"बघा!" आयाबा म्हणाली. "मघाशी सेनामीकडे म्हणे ताटं दोनच. आणि आता म्हणे सदरे दोनच. मास्तर, तुम्हाला पहिलीत कुणी पास केलं हो?" ती ताग्याकडे वळली.

"उभा राहा," दादा मला म्हणाला.

मी पायरीवर उभा राहिलो आणि हात पसरले. शिंपी मागून आला. मला बरं वाटावं, वाईट वाटावं, काहीतरी वाटावं, म्हणून मी थोडं थांबून पाहिलं. काही वाटलं नाही. शिंप्यानं टेप माझ्या मानेवरून सोडला आणि त्याचं पत्र्याचं टोक कॉलरच्या आत कातडीला लागलं. ते गार होतं. एवढं मला कळलं.

"हलू नका, मास्तर," शिंपी म्हणाला.